आत ठेवायची गोळी

माझ्या भाचीच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली गोळ्यांची एक पट्टी होती. सातच्या सात गोळ्या जशाच्या तशा. बेळगावात वाढलेली मुलगी, निपाणीला दिलेली, लग्नाला दीड वर्ष झालेलं. ती दवाखान्यात जाऊन "खाली दुखतं" एवढंच सांगून आली होती. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग असेल असं धरून रात्री झोपताना आत ठेवायची गोळी लिहून दिली. आता तिचं दुखणंच असं, की आत काहीच जात नव्हतं. नवऱ्याशी संबंध दूरच, स्वतःच्या बोटाचं टोकसुद्धा नाही. ती गोळी ठेवणार कशी? आणि ठेवता येत नाही हे परत जाऊन सांगणार कुणाला? पट्टी साड्यांखाली गेली.

"मावशी, मला जमतच नाही की गं," एवढं वाक्य तिच्या तोंडून यायला एक अख्खी दुपार लागली. तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. अशा पट्ट्या आणखी किती कपाटांत असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

या त्रासाला व्हजायनिस्मस म्हणतात. योनीच्या तोंडाभोवती आणि ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवी, शौच रोखून धरतात तेच हे स्नायू. आत काही येतं आहे अशी नुसती चाहूल लागली तरी ते आपोआप घट्ट आवळतात. इंजेक्शनची सुई दिसताच लहान मुलाचा दंड दगडासारखा होतो, आई कितीही म्हणाली "सैल सोड" तरी सुटत नाही, तसंच हे आहे. बाईचं नवऱ्यावर प्रेम असतं, इच्छा असते, कित्येकींना जवळीक आवडतेही. तरी त्या क्षणी मांड्या मिटतात, पाठ उचलते, श्वास अडकतो. पुष्कळजणी सांगतात, "भिंतीला धडकल्यासारखं होतं." भिंत वगैरे काही नसते, आवळलेले स्नायू असतात.

काहींना हे पहिल्यापासून असतं. काहींचं आधी सगळं सुरळीत असतं आणि मग बाळंतपणातले टाके, सततचा संसर्ग, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा किंवा एखादा वाईट अनुभव, यानंतर सुरू होतं. कारण दरवेळी सापडतंच असं नाही. लहानपणी कुणी हात लावला असेल तर ते कारण असू शकतं, पण तसं काहीच घडलेलं नसताना हा त्रास होणाऱ्या पुष्कळ आहेत. म्हणून डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तर दचकू नका, आणि "तुझ्याबाबतीत नक्की काहीतरी घडलंय" असं घरच्यांनीही डोक्यात घेऊ नये.

पहिल्या रात्रीच्या रक्ताची भीती मात्र आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकीला पाजलेली असते. २०२१ साली कोल्हापुरात पोलिसांत गेलेलं एक प्रकरण या भागातल्या वाचकांना आठवत असेल. कोल्हापूरच्या दोन सख्ख्या बहिणी बेळगावात एकाच घरात दिलेल्या होत्या. कौमार्याच्या परीक्षेत एक 'नापास' झाली म्हणून दोघींनाही माहेरी धाडलं आणि जातपंचायतीने काडीमोड करून टाकला. ज्या मुलींनी अशा गोष्टी कानांवर घेत लग्न केलं, त्यांचं अंग त्या रात्री कसं सैल सुटावं? योनिपटल हा तोंडाशी असलेला मऊ, लवचीक पडदा असतो. तो बहुतेकींमध्ये आधीच उघडा असतो, म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. पहिल्या संबंधात रक्त येईलच असं नाही, आणि न आल्याने काहीही सिद्ध होत नाही.

आता डॉक्टरांकडे जाण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. उपचार आहेत, बहुतेकींना गुण येतो, पण दाराशी शब्द अडतात.

आपली बोलण्याची रीत बघा. पाळीला आपण 'बाहेरची' म्हणतो, पांढऱ्या स्रावाला 'अंगावरून जातं' म्हणतो, योनीला 'खालची जागा' किंवा 'मायांग', आणि संबंधाला 'ते'. एकमेकींत हे चालतं. डॉक्टरांना मात्र 'खाली दुखतं' यातून लघवीची जळजळ, खाज, पाळीतलं दुखणं, गर्भाशयाचं दुखणं, काहीही ऐकू येतं. त्यात आपला सीमाभाग. बेळगावातल्या मोठ्या हॉस्पिटलात समोर बसलेली डॉक्टर हुबळीची असेल, केरळची असेल, दिल्लीची असेल. तिचं मराठी मोडकं, आपलं कन्नड मोडकं, मग मध्ये नर्सबाई दुभाषी होतात आणि गुपित तिसऱ्या कानात जातं. पुष्कळजणी म्हणूनच सीमा ओलांडतात. निपाणीच्या बायका चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जातात, चंदगडच्या बायका बेळगावला येतात. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. जा, काही हरकत नाही. जिथे तोंड उघडेल तिथे जा.

आणि तोंड उघडत नसेल तर चिठ्ठी न्या. मराठीत याला जुनी परंपरा आहे. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं निघालं. डॉक्टरांसमोर जे बोलता येत नव्हतं ते वाचक त्यांना पत्राने विचारत आणि ते छापील उत्तर देत. त्या उत्तरांपायी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कागदावर लिहिणं म्हणजे पळवाट नव्हे. भाचीला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा आम्ही आदल्या रात्री स्वयंपाकघरात बसून ही चिठ्ठी लिहिली:

"लग्नाला दीड वर्ष झालं. अजून एकदाही पूर्ण संबंध झालेला नाही. प्रयत्न केला की योनीचे स्नायू आपोआप आवळतात आणि तोंडाशीच खूप दुखतं. बोट किंवा गोळीही आत जात नाही. पाळी नियमित आहे. मला व्हजायनिस्मस असेल असं वाटतं. तपासणीची मला फार भीती वाटते. आज आधी फक्त बोलायचं आहे."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. कधीपासून, काय जात नाही, कुठे दुखतं. 'तोंडाशी' की 'खोल आत' हे तर जरूर लिहा, कारण खोल दुखत असेल तर डॉक्टर वेगळ्या आजारांचा विचार करतील, एंडोमेट्रिऑसिससारख्या. दुखणं जळजळीचं आहे की ताणल्यासारखं, तेही. आधी जमत होतं का, बाळंतपण झालं आहे का, मधुमेह, थायरॉइड, चालू औषधं, सगळं दोन ओळींत. मूल हवं आहे आणि घाई आहे, तर तेही लिहा. डॉक्टरांना कन्नड जास्त कळत असेल तर दोन-तीन वाक्यं पाठ करून जा: 'मोदल नन्न मात केळ्री', म्हणजे आधी माझं ऐका, 'भाळ नोव आगतैति', खूप दुखतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'निल्लिस्री', थांबा.

थांबा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. त्यात माहिती मिळण्याचा, संमतीचा, गुप्ततेचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई हजर असण्याचाही. पहिल्याच भेटीत आतून तपासणी झालीच पाहिजे असं काही नाही. पुष्कळदा ऐकूनच निदानाची दिशा कळते. तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत झाली तरी चालतं. आधी नुसतं बाहेरून बघून, मग कापसाच्या काडीने हलकेच स्पर्श करून दुखरी जागा शोधून. स्पेक्युलम, म्हणजे ते चोचीसारखं साधन, लहान मापाचंही असतं. तुमच्या हातात आरसा असू दे, डॉक्टर काय करताहेत ते तुम्हाला दिसू दे. सोनोग्राफी सांगितली तर विचारा, "पोटावरून होईल का?" अविवाहित मुलींची करतात तशी भरल्या लघवीने पोटावरून होते. 'विवाहित' लिहिलं आहे म्हणून आतूनच करावी असा नियम नाही.

पहिल्या डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही, पण त्यांनी टेबलावर पडलेल्या मुलीला काय म्हटलं ते लिहिते: "लग्न झालंय ना? मग नाटक कशाला?" त्या एका वाक्याने तिचे पुढचे आठ महिने घेतले. तुम्हालाही असं कुणी बोललं तर टेबलावरून उठा, कपडे नीट करा, बाहेर या. पैसे गेले तर जाऊ देत. दुसरीकडे जा, पण जायचं सोडू नका. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आज काय केलं तर तुला बरं वाटेल?" भाची तिथेच रडली. त्या दिवशी तिला कुणी हातही लावला नाही.

एक गोष्ट ऐकून ठेवा. व्हजायनिस्मस हे नाव पहिल्यांदा १८६१ साली लंडनमध्ये डॉक्टरांच्या सभेत मांडलं ते अमेरिकेतल्या मॅरियन सिम्स यांनी, आणि त्यांचा उपाय होता सुरी: पडदा कापायचा, तोंड कापून रुंद करायचं. गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करणारे ते हेच सिम्स. दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी 'छोटं ऑपरेशन करून मोकळं करू' हा सल्ला आजही मिळतो. पडदा जन्मतःच जाड किंवा आडवा असणं फार क्वचित असतं, आणि ते तपासून दाखवता येतं. स्नायू आवळण्यावर पडदा कापणं हा इलाज नव्हे. कुणी ऑपरेशन सुचवलं तर सही करण्याआधी विचारा: "माझ्या पडद्यात नेमका काय दोष दिसला?" आणि दुसरं मत घ्याच.

दारूचा घोट घे, झोपेची गोळी घे, एकदा मूल झालं की सगळं मोकळं होईल, हे सल्लेही तसलेच. गुंगीत संबंध झाला तरी शुद्धीवर आल्यावर स्नायू तेच करतात, वर एक नवी भीती शिल्लक राहते. मूल होण्याचं तर वेगळंच. या भागात कितीतरी जोडपी 'मूल होत नाही' म्हणून वंध्यत्वाच्या दवाखान्यात जातात, रक्त तपासतात, वीर्य तपासतात, आणि संबंधच होत नाही हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. तिथे तरी सांगा. व्हजायनिस्मस असताना गर्भधारणेचे मार्ग आहेत. डॉक्टरांना खरं कळलं तर नको त्या तपासण्या आणि नको तो खर्च टळेल.

उपचार तीन बाजूंनी चालतो. स्त्रीरोगतज्ज्ञ दुसरं काही दुखणं नाही ना ते बघतात. संसर्ग, कोरडेपणा, टाक्यांचा वण असेल तर आधी त्याचा इलाज करतात. दुसरी बाजू फिजिओथेरपीची. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर एवढंच आपल्याला माहीत. त्यात स्त्रीरोग आणि प्रसूतीची वेगळी शाखा आहे, आणि बेळगावात फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी संस्थाही आहे. तिथे 'पेल्विक फ्लोअर'साठी बाई थेरपिस्ट भेटतील का, असं फोनवर आधी विचारा. तिसरी बाजू मनाची. यावर आपल्याकडे लगेच धारवाडच्या मनोरुग्णालयाचं नाव निघतं, "मला काय धारवाडला नेणार आहात?" समुपदेशक वेड्यांसाठीच असतो असं नाही. भीतीने स्नायू आवळतात, आवळल्यामुळे दुखतं, दुखल्याने भीती वाढते. हे चाक कुठेतरी अडवायचं असतं, आणि मनाच्या बाजूने ते अडवता येतं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी दुखणं आणि आवळणं या दोन्हींना एकाच निदानात घेतलं ते म्हणूनच. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीतून बोलायचं आहे असं सांगता येतं.

घरी काय करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरं काम तिथेच होतं. शक्यतो डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना विचारूनच सुरू करा.

पहिली अडचण जागेची. एकत्र कुटुंबात कडी लागणारी खोली कुठली? भाचीने दुपारची वेळ धरली, सासूबाई झोपल्यावर. रोज दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. गरम पाण्याने अंघोळ करून, पाठीमागे उशी घेऊन टेकून बसायचं. पहिला आठवडा फक्त आरसा घेऊन बघायचं. हसू नका, आपल्यापैकी किती जणींनी स्वतःला नीट पाहिलं आहे? लघवीची जागा वेगळी, योनीचं तोंड वेगळं, हे कित्येकींना तिशीत कळतं.

मग श्वास. हात पोटावर ठेवून श्वास असा घ्या की पोट वर येईल. सोडताना खालचे स्नायू अलगद खाली सोडायचे, लघवी सुरू होते त्या क्षणी सुटतात तसे. इथे एक गफलत फार होते. आवळून धरायचे केगल व्यायाम मोबाईलवर बघून बायका जोमाने करायला लागतात. तुमचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, तुम्हाला शिकायचं आहे ते सोडणं.

श्वास जमला की स्पर्श. नखं कापलेली, हात धुतलेले, बोटाला पाण्यात विरघळणारी जेली. खोबरेल तेलही चालतं, फक्त निरोध वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटतो. सुन्न करणारं मलम मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. आधी नुसतं बाहेर, तोंडाशी. मग श्वास सोडताना करंगळीचं पहिलं पेर. तिथेच थांबायचं, हलवायचं नाही, अंग शांत होईपर्यंत श्वास घेत राहायचं. शून्य ते दहा अशा मापात दुखणं दोन-तीनच्या वर गेलं तर मागे या, आदल्या पायरीवर. मागे येणं म्हणजे हरणं नव्हे, अंगाला 'तू म्हणशील तेव्हा थांबू' हा भरवसा त्यातूनच मिळतो. पुढे डायलेटर येतात, लहानापासून मोठ्यापर्यंत मापांच्या गुळगुळीत नळ्या. एक माप अगदी सहज व्हायला लागलं की मगच पुढचं. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला सहा महिने. एवढं करूनही अडलं तर बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन स्नायू काही काळ सैल करण्याचा उपायही आहे, पण त्यासोबतही हाच सराव करावा लागतो.

आता नवरेमंडळींशी थोडं. तुम्ही हा लेख इथवर वाचलात तर फार बरं झालं. "एकदा जोर केला की सुटतं," असं सांगणारे मित्र गावोगावी असतात. ऐकू नका. प्रत्येक दुखऱ्या प्रयत्नाने तिच्या स्नायूंचा संशय पक्का होतो, आणि जबरदस्ती ही नवऱ्याने केली तरी जबरदस्तीच. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक अत्याचारही येतो, आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. तुम्ही एक करा. काही आठवडे संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद, असं दोघांनी मिळून ठरवा आणि तिला शब्द द्या. शब्द दिल्यावर जवळ बसणं, कुशीत घेणं, तेल लावून पाठ चोळणं यातली भीती जाते, कारण पुढे काय होणार या धास्तीने तिला अंग चोरावं लागत नाही. पुढे तिचा हात तुमच्या हातावर, तुमचं बोट, वेग तिचा. आणि प्रत्यक्ष संबंधाची वेळ येईल तेव्हा ती वर, तुम्ही स्थिर. किती, कधी, थांबायचं कधी, सगळं तिने ठरवायचं. या काळात तुम्हालाच ताठरता न येणं हेही होतं, त्यालाही इलाज आहे. भाचीचा नवरा तिसऱ्या भेटीला स्वतः आला. डॉक्टरांच्या समोर खुर्चीवर बसून तो म्हणाला, "मला वाटलं मीच तिला आवडत नाही." दीड वर्ष तो हे मनात घेऊन वखारीत जात होता.

घरातल्या इतरांना किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. "काही गोड बातमी?" विचारणाऱ्या प्रत्येकीला आजार समजावून सांगायची गरज नाही. "डॉक्टरांचं औषध चालू आहे" एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. काही घरांत गोष्ट डॉक्टरांच्या आधी वकिलाकडे जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये संबंध अशक्य असल्याच्या कारणावरून विवाह रद्द करून मागता येतो, म्हणून मुलीला धमकावलं जातं. हे दुखणं बरं होणारं आहे. चिठ्ठ्या, तपासण्या, फिजिओथेरपीच्या नोंदी, सगळे कागद तारखेसह एका फायलीत आपल्याकडे जपून ठेवा, सासरच्या कपाटात नव्हे.

दुसऱ्या भेटीला जाताना एक वही न्या. डॉक्टर "कसं आहे?" विचारतात आणि आपण "बरं आहे" म्हणून मोकळ्या होतो, त्यावर वही हा उपाय आहे. भाचीच्या वहीचं पान माझ्यासमोर आहे, बघायला तिनेच दिलं. "सोमवार, फक्त श्वास. मंगळवार, आरसा, रडू आलं. गुरुवार, करंगळी, पहिलं पेर, दुखणं चार, मागे आले. शनिवार, पहिलं पेर, दुखणं दोन, पन्नास आकडे मोजले. रविवार, पाहुणे आले, राहिलं. सोमवार, दुसरं पेर."